सूर कुठे चढावा, कुठे उतरावा?

इंग्रजी संभाषणातील एका दुर्लक्षित अंगाविषयी

बेंगळुरूतील मल्लेश्वरम हा भाग मराठी माणसाला सर्वस्वी परका नाही. ज्या काडू मल्लेश्वर देवालयावरून या वस्तीला नाव मिळाले, त्या देवालयाशी शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे नाव जोडलेले आहे. त्यांनी देवालयास गाव इनाम दिल्याची नोंद १६६९ सालच्या शिलालेखात आढळते. पुढे १८९८ साली बेंगळुरूत प्लेगची साथ आली आणि दाटीवाटीच्या जुन्या पेठेबाहेर मोकळ्या हवेत जी नवी वसाहत आखण्यात आली, तीच आजच्या मल्लेश्वरमची सुरुवात. संपिगे रोड आणि मार्गोसा रोड हे दोन लांब रस्ते व त्यांना छेदणारे क्रमांकांचे क्रॉस हा या वसाहतीचा आराखडा आजही कायम आहे.

अशा ठिकाणी बँकेच्या काउंटरवर एका सकाळी किती भाषा कानी पडतात, याची कल्पना बाहेरच्याला सहज येणार नाही. कन्नड, तमिळ, तेलुगू, कोकणी, हिंदी आणि अधूनमधून आपली मराठी. ग्राहक व कर्मचारी यांची भाषा जुळली नाही, तर दोघांच्याही मदतीला येते ती इंग्रजी. ती दोघांचीही मातृभाषा नसते. शिवाय काउंटरवरची इंग्रजी ही व्याकरणाच्या पुस्तकातील इंग्रजी नव्हे. रांग मोठी, वेळ थोडा, म्हणून वाक्याचे शब्द गळून पडतात आणि उरतो एकच शब्द : 'पासबुक', 'फॉर्म', 'सिग्नेचर', 'न्यू अकाउंट'. हा एक शब्द प्रश्न आहे, विनंती आहे, माहिती आहे की हुकूम आहे, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे कशावरून? त्या शब्दाच्या सुरावरून. प्रस्तुत लेखात या सुराचाच थोडा विचार करावयाचा आहे.

सूर आणि आवाज

प्रथम एक गल्लत दूर करू. मराठीत 'आवाज चढवणे' म्हणजे रागावणे, मोठ्याने बोलणे. येथे अभिप्रेत असलेला चढता सूर त्याहून अगदी वेगळा आहे. आपल्या कंठातील स्वरतंतू बोलताना कंप पावतात. हे कंपन जलद झाले की सूर चढतो, मंद झाले की उतरतो. पुरुषांच्या बोलण्यात हे कंपन सामान्यतः सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या आसपास, तर स्त्रियांच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास असते. आवाजाचा मोठेपणा ही निराळी बाब आहे. कुजबुजल्यासारखे अगदी हळू बोलूनही सूर चढवता येतो आणि मोठ्याने ओरडूनही तो उतरवता येतो. वाक्यभर चालणाऱ्या या आरोह-अवरोहाला इंग्रजीत इंटोनेशन म्हणतात. मराठीत त्याला सुरावली म्हणता येईल.

सुराने अर्थ बदलतो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. घरात कोणी 'बरं' म्हटले, तर ते संमतीचे आहे, कंटाळ्याचे आहे की 'पुढे सांगा' अशा उत्सुकतेचे आहे, हे आपण न चुकता ओळखतो. आपल्या परंपरेत तर याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला, परंतु 'इंद्रशत्रू' या शब्दातील स्वर चुकीच्या जागी पडल्याने 'इंद्राला मारणारा' याऐवजी 'इंद्र ज्याला मारील असा' हा अर्थ झाला आणि वृत्रच मारला गेला. ती कथा एका शब्दातील स्वराची आहे, वाक्याच्या सुराची नव्हे. तथापि, अक्षरे तीच राहूनही अर्थ उलटा होऊ शकतो, हे तिने आपल्याला फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

'ग्रेव्ही'ची गोष्ट

आधुनिक काळातील अशीच एक घटना भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना चांगली परिचित आहे. १९७० च्या दशकात ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी उपाहारगृहात काही भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया नव्याने कामाला लागल्या. थोड्याच दिवसांत त्यांच्याविषयी तक्रारी सुरू झाल्या. त्या उर्मट आहेत, सहकार्य करीत नाहीत, असे त्यांच्या पर्यवेक्षकांना आणि जेवायला येणाऱ्या कामगारांना वाटू लागले. इकडे या स्त्रियांना वाटे की, आपल्याला भेदभावाची वागणूक मिळते आहे. वास्तविक दोन्ही बाजूंमध्ये बोलणे होई ते मोजक्या शब्दांचे. मग उर्मटपणा दिसला कोठे?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील भाषाशास्त्रज्ञ जॉन गंपर्झ यांनी या संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकल्या. जेवण घेताना एखाद्याने मांसाचा पदार्थ निवडला की, त्यावर रस्सा हवा का असे विचारण्याची तेथे पद्धत होती. इंग्रज स्त्री विचारी, 'ग्रेव्ही?' आणि तिचा सूर शेवटी वर जाई. आशियाई स्त्रियाही तोच शब्द उच्चारीत, 'ग्रेव्ही', परंतु त्यांचा सूर शेवटी खाली येई. इंग्रज कानाला पहिला उच्चार 'आपल्याला ग्रेव्ही वाढू का?' असा ऐकू येई. दुसरा मात्र 'ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या' असा भासे. ध्वनिफीत ऐकवली तेव्हा या स्त्रियांना आरंभी दोन्ही उच्चारांत काहीच फरक जाणवला नाही. कारण त्यांच्या बोलण्याच्या रीतीप्रमाणे असा प्रश्न उतरत्या सुरात विचारणे हेच स्वाभाविक होते आणि त्यात कोणताही उद्धटपणा नव्हता. फरक समजल्यावर मात्र लोक आपल्याशी असे का वागत होते, याचा उलगडा त्यांना झाला, तसाच तो पर्यवेक्षकांनाही झाला. गंपर्झ यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज' या ग्रंथात ही हकीकत नोंदवली आहे. याच विषयावर बीबीसीने १९७९ साली 'क्रॉसटॉक' नावाचा कार्यक्रमही केला होता.

या घटनेतील खरी हानी लक्षात घेण्याजोगी आहे. व्याकरण चुकले, तर ऐकणारा म्हणतो, 'यांना भाषा नीट येत नाही.' सूर चुकला, तर तो म्हणतो, 'या माणसाचा स्वभावच चांगला नाही.' भाषेतील उणीव माणसाच्या स्वभावावर लादली जाते आणि दोन्ही बाजूंना त्याचे कारण कळत नाही.

आपली अडचण कोठे आहे?

मल्लेश्वरमच्या कोणत्याही उपाहारगृहात गेले असता वाढणारा विचारतो, 'सांबार बेका?' कन्नडमध्ये 'बेकु' म्हणजे हवे आणि 'बेका' म्हणजे हवे का. शेवटच्या 'आ'ने विधानाचा प्रश्न केला. मराठीत हेच काम 'का' करतो : 'सांबार हवे का?' हे प्रत्यय व अव्यये इतकी समर्थ आहेत की, सूर कसाही लागला तरी प्रश्न हा प्रश्नच राहतो. इंग्रजीत असा 'का' नाही. तेथे एकतर शब्दांचा क्रम बदलावा लागतो, 'इज धिस युअर फॉर्म' असा, किंवा सूर चढवावा लागतो. आणि जेथे एकच शब्द उच्चारायचा असतो, तेथे क्रम कसला बदलणार? प्रश्नाचा सगळा भार तेव्हा सुरावरच पडतो.

नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारक ज्येष्ठ नागरिक हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत येतात. समोर आलेल्या आजींना काउंटरवरून 'लाइफ सर्टिफिकेट' एवढेच विचारले जाते. सूर चढता असेल, तर त्या हसून म्हणतात, 'येस, येस.' तोच शब्द उतरत्या सुरात आला, तर त्यांना वाटते, काहीतरी राहून गेले असावे, आणि त्या गोंधळून पिशवीतील कागद शोधू लागतात. विचारणाऱ्याच्या मनात आदरच असतो, पण तो आदर समोर पोहोचत नाही.

सूर कोठे चढवावा?

इंग्रजी सुरावलीवर ओ'कॉनर आणि अरनॉल्ड यांच्या १९६१ सालच्या पुस्तकापासून जॉन वेल्स यांच्या २००६ सालच्या पुस्तकापर्यंत बरेच लेखन झाले आहे. त्यातील बारकाव्यांत न शिरता, नित्य व्यवहाराला पुरेल असे एक सूत्र ध्यानात ठेवता येईल : उतरता सूर म्हणजे 'माझे सांगून झाले', आणि चढता सूर म्हणजे 'अजून काही बाकी आहे'. हे बाकी असलेले कधी आपण स्वतः बोलणार असतो, कधी समोरच्याने बोलायचे असते. या सूत्राचे काही उपयोग पाहू.

१. 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर अपेक्षित असलेला प्रश्न : 'इज धिस युअर सिग्नेचर?' 'हॅव यू फिल्ड द फॉर्म?' येथे शेवटी सूर चढवावा. एकशब्दी प्रश्नांना ('पासबुक?', 'कॉफी?') तर तो अत्यावश्यक आहे.

२. पुन्हा सांगण्याची विनंती : 'सॉरी' हा शब्द उतरत्या सुरात दिलगिरी व्यक्त करतो. चढत्या सुरात त्याचा अर्थ 'ऐकू आले नाही, पुन्हा सांगता का?' असा होतो. ग्राहक म्हणतो, 'आय ओपन्ड माय अकाउंट इन मुंबई.' अधिकारी विचारतो, 'व्हेअर?' सूर उतरता असेल, तर प्रश्नाचा अर्थ 'मुंबईत कोठे?' असा होतो आणि उत्तर 'दादर' असे येते. सूर चढता असेल, तर अर्थ 'काय म्हणालात?' असा होतो आणि उत्तर पुन्हा 'मुंबई' असेच येते. एकच शब्द, पण दोन वेगळी उत्तरे.

३. यादी : 'पॅन कार्ड, टू फोटोग्राफ्स, ॲड्रेस प्रूफ' असे सांगताना शेवटची बाब सोडून प्रत्येक बाबीवर सूर किंचित चढवावा आणि शेवटच्या बाबीवर उतरवावा. 'फोटोग्राफ्स'वरच सूर उतरला, तर ग्राहकाला वाटते यादी संपली. तो उठून जातो आणि तिसऱ्या कागदासाठी त्याला दुसरी खेप पडते. दूरध्वनीवरून खाते क्रमांक सांगतानाही हाच नियम. अंकांचे गट करावेत, मधल्या गटांवर सूर वर ठेवावा आणि शेवटच्या गटावर तो खाली आणावा. (अर्थात पिन किंवा ओटीपी कोणी कितीही गोड सुरात विचारला, तरी तो सांगू नये.)

४. अपुरे वाक्य : 'इफ यू ब्रिंग द डॉक्युमेंट्स टुडे' येथे सूर वर राहावा, कारण 'वुई विल ओपन द अकाउंट' हा भाग यायचा आहे. त्याच्या शेवटी तो उतरावा.

५. पर्याय : 'सेव्हिंग्ज ऑर करंट?' यात पहिल्यावर चढता आणि दुसऱ्यावर उतरता सूर असेल, तर 'दोहोंपैकी एक निवडा' असा अर्थ होतो. 'टी ऑर कॉफी?' यात दोन्हींवर सूर चढता असेल, तर 'चहा, कॉफी असे काही घेणार का?' असा मोकळा प्रश्न होतो आणि 'नो, थँक्स' हे उत्तरही त्यात सहज बसते.

६. वाक्याच्या शेवटचा पुरवणी प्रश्न : 'यू हॅव साइन्ड द फॉर्म, हॅवन्ट यू?' येथे शेवटी उतरता सूर म्हणजे 'केलीच आहे ना सही' अशी खात्री. चढता सूर म्हणजे 'केली आहे की नाही, मला ठाऊक नाही, सांगा' अशी खरीखुरी विचारणा.

सूर कोठे चढवू नये?

'व्हॉट', 'व्हेन', 'व्हेअर', 'हाऊ मच' अशा प्रश्नार्थक शब्दांनी सुरू होणाऱ्या साध्या प्रश्नांचा सूर इंग्रजीत सामान्यतः उतरता असतो. प्रश्नचिन्ह दिसले की सूर चढवायचा, अशी आपली समजूत असते. ती येथे उपयोगाची नाही. 'व्हॉट इज युअर नेम?' हे वाक्य सहज उतरत्या सुरात विचारावे. लहान मुलाशी, आजारी माणसाशी किंवा संकोचलेल्या ज्येष्ठाशी बोलताना मात्र हाच प्रश्न हलक्या चढत्या सुरात विचारला, तर त्यात मार्दव येते.

विधानाचे वाक्य ठामपणे सांगायचे असेल, तर सूर उतरलाच पाहिजे. मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराने 'आय हॅव डन एमकॉम' हे चढत्या सुरात सांगितले, तर आपल्या पदवीविषयी त्यालाच शंका आहे की काय, असे ऐकणाऱ्याला वाटू शकते. विधानांच्या शेवटी सूर चढवण्याची ही लकब ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिकेतील तरुण पिढीत बरीच दिसते. अमेरिकेत १९९३ साली एका वृत्तपत्रीय लेखातून तिला 'अपटॉक' असे नावही मिळाले. शैक्षणिक कर्ज घेऊन परदेशी जाणाऱ्या आमच्या विद्यार्थी ग्राहकांच्या कानांवर ती पडेलच. ती समजून घ्यावी, पण मुलाखतीत तिचे अनुकरण करण्याची आवश्यकता नाही.

आणखी एक सूर आहे, जो आधी उतरतो आणि मग पुन्हा किंचित चढतो. त्यात एक न बोललेला 'पण' दडलेला असतो. 'द लोन इज पॉसिबल' हे वाक्य सरळ उतरत्या सुरात आले, तर कर्ज मिळण्यासारखे आहे. उतरून पुन्हा चढले, तर 'शक्य आहे, पण काही अटी आहेत' असे सुचवले जाते. ज्याच्या कानाला हा फरक ओळखीचा नाही, तो घरी जाऊन घरच्यांना सांगतो की, कर्जाचे काम झाले, आणि त्या भरवशावर घराचा विसारही देऊन बसतो. म्हणूनच बोलणाऱ्याने असा 'पण' सुरावर न सोपवता शब्दांत सांगावा, आणि ऐकणाऱ्याने 'एनी कंडिशन्स?' असे चढत्या सुरात विचारून घ्यावे.

नियम नव्हे, सौजन्य

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वर सांगितलेले संकेत प्रामुख्याने दक्षिण इंग्लंडमधील प्रमाण मानल्या गेलेल्या इंग्रजीचे आहेत. खुद्द ब्रिटनच्या राज्यातही ते सर्वत्र सारखे नाहीत. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या बोलीत साधी विधानेही चढत्या सुरातच संपतात आणि तेथे त्यात कोणाला शंका अथवा प्रश्न ऐकू येत नाही. तेव्हा आपला सूर 'चुकीचा' आणि त्यांचा 'बरोबर' असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. आपल्या इंग्रजीतून आपली मायबोली डोकावणारच, आणि तिने डोकावावे. प्रश्न साहेबी उच्चारांची नक्कल करण्याचा नसून, आपल्या मनातील भाव समोरच्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचवण्याचा आहे.

ऐकणाऱ्याचीही यात तेवढीच जबाबदारी आहे. विमानतळावरील त्या स्त्रियांना दोष देण्यापूर्वी एखाद्याने 'तुम्ही मला विचारत आहात का?' असे पुसले असते, तर तक्रारी इतक्या वाढल्या नसत्या. दूरध्वनीवर, जेथे चेहरा दिसत नाही, मान हललेली दिसत नाही, तेथे हा समजूतदारपणा अधिकच लागतो. कोणाचे बोलणे तुटक वाटले, तर तो त्याच्या स्वभावाचा दोष आहे की मातृभाषेचा सूर आहे, याचा क्षणभर विचार करावा.

थोडा सराव

इंग्रजीचे अध्यापन सुधारण्यासाठी आपल्या देशात मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. हैदराबादची केंद्रीय संस्था १९५८ साली, तर दक्षिणेतील राज्यांच्या शिक्षकांसाठी बेंगळुरूची प्रादेशिक संस्था १९६३ साली स्थापन झाली. परंतु शाळेत इंग्रजी शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना ती वाचनातून व लेखनातून मिळाली, आणि कागदावर सूर उमटत नाही. त्यामुळे तो कानानेच शिकावा लागतो. सुदैवाने त्याला खर्च नाही. 'येस' हा शब्द घ्यावा. तो संमती म्हणून उतरत्या सुरात, आणि 'आपले काय काम आहे?' या अर्थी चढत्या सुरात म्हणावा. मग उतरून चढणाऱ्या सुरात, 'हो, पण...' अशा अर्थाने म्हणावा. मोबाइलवर तो ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावा. तिन्ही अर्थ आपल्यालाच ओळखता आले, तर इतरांनाही ते ओळखता येतील. शब्द न उच्चारता केवळ गुणगुणून सूर वर-खाली नेण्याचाही सराव करता येतो. ज्यांच्या घरात हार्मोनियम आहे, त्यांना तर हे काम अधिकच सोपे.

आपण आमच्या शाखेत याल, तेव्हा आपली भाषा कोणतीही असो, आमच्याकडून 'मे आय हेल्प यू?' हे वाक्य चढत्या सुरात यावे, अशी अपेक्षा आपण जरूर ठेवावी. ते उतरत्या सुरात आले, तर त्याचा अर्थ 'आपले उत्तर ऐकण्यास आम्ही थांबलेलो नाही' असा होईल, आणि तसे आमच्या मनात खचितच नसते. ते आपल्यापर्यंत पोहोचावे, ही जबाबदारी मात्र आमची आहे.